पाचव्या खेपेचं पाणी

तुळजापूरला पायी जायचं तर बूट कोणते घ्यावेत, याचा मी महिनाभर अभ्यास केला. मी बीडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे अभ्यास केल्याशिवाय मला साधी मेथीची जुडीसुद्धा घेता येत नाही. शेवटी मऊ तळव्याचे, गुलाबी लेसचे बूट मागवले. सोबत चार जोड मोजे, फोडांवरचं मलम, उन्हाचं क्रीम आणि एक शिट्टी. शिट्टी कशाला, ते मला आजही सांगता येणार नाही. हे सगळं पाठीवरच्या पिशवीत कोंबून कोजागरीच्या चार दिवस आधी पहाटेच्या एसटीनं केजला उतरले, तिथून जीपमध्ये अकरावी सवारी म्हणून बसले आणि पावणेसातला सासरच्या गावच्या वेशीत उभी राहिले. तिथे जमलेल्या शंभरेक माणसांत पायात काहीतरी घातलेली मी एकटीच होते.

अनवाणी चालायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझा नवरा चार वर्षं सोललेले तळवे घेऊन घरी यायचा आणि मी कोमट पाण्याची बादली पुढे करायचे. पण अनवाणी जाणं हा त्यांचा खासगी हट्ट असेल, असं मी समजत होते. तो सगळ्यांचाच नियम निघाला. मी बूट काढले आणि पिशवीला बांधले. एक म्हातारबाबा त्या लोंबणाऱ्या गुलाबी लेसकडे बराच वेळ बघत राहिले, पण काही बोलले नाहीत. गावात अजून थोडी सभ्यता शिल्लक आहे.

नवस माझा नव्हता. तो माझ्या नवऱ्याचा होता, आणि फिटायच्या आत ते गेले. पाच खेपांचा नवस, म्हणजे पाच वर्षं दर कोजागरीला गावापासून तुळजापूरपर्यंत चालत जायचं. त्यांच्या चार खेपा झाल्या होत्या. नवस कशासाठी बोलला, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, सांगितलं की फळत नाही म्हणे. मी म्हणायचे, "बढतीसाठी असेल तर देवीकडून तुमची फाईल हरवलेली दिसते." ते सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि कारकूनच राहिले. माझ्या असल्या बोलण्यावर ते हसायचे आणि रजेचा अर्ज लिहायला बसायचे. मग एका जानेवारीत छातीत कळ आली आणि अर्ज न देताच कायमचे रजेवर गेले.

पहिल्या वर्षी सणवार करत नाहीत, म्हणून ती कोजागरी तशीच गेली. यंदा मी ठरवलं, पाचवी खेप आपण चालायची. देवीसाठी नव्हे. ज्या रस्त्यासाठी हा माणूस दरवर्षी मला सोडून जायचा, तो रस्ता मला एकदा बघायचा होता. शिवाय चार वर्षांत मी एकदाही त्यांना सोडायला या वेशीत आले नव्हते. प्रत्येक वेळी सहामाहीचे पेपर तपासायचे होते. ते पेपर आता कुठल्या रद्दीत आहेत कोण जाणे, पण न येणं तेवढं माझ्यापाशी राहिलं.

वेशीवर भला मोठा फलक लावलेला. त्यावर एकतीस चेहरे होते, मला मोजायची खोड आहे. देवी उजव्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी. मधोमध हात जोडून उभे असलेले गृहस्थ मात्र चांगले पुरुषभर उंच. त्यांच्या नावाआधी 'भावी' लिहिलं होतं. भावी काय, ते लिहिलं नव्हतं. जे पद मिळेल ते स्वीकारायची तयारी असावी. खाली ठळक अक्षरात 'प्रस्थान पहाटे ठीक सहा वाजता'. मी पाऊण तास उशिरा पोचले या धास्तीनं जीपवाल्याला सारखी घाई करत होते, तो आरशातून माझ्याकडे कीव केल्यासारखं का बघत होता ते आता कळलं.

"साहेब निघालेले आहेत," कर्ण्यावरून एकजण सांगत होता. सातला साहेब निघाले होते. साडेसातलाही निघाले होते. आठला चहाची दुसरी फेरी झाली, तेव्हा तर ते केव्हाच निघालेले होते. मघाचे म्हातारबाबा माझ्याशेजारी बसून तळहातावर तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "बाई, आपन तुळजापूरला जाऊन माघारी येऊ, सायेब तवाबी निघालेलेच असत्याल."

निम्मे चालणारे ऊसतोडीला जाणारे होते. तुळजापूरहून आले की आठ-दहा दिवसांत त्यांना न्यायला ट्रक येणार, आणि मग सहा महिने पश्चिमेच्या कुठल्या तरी कारखान्याच्या शिवारात पालं ठोकून राहायचं. त्याआधीचे हे चार दिवस त्यांचे स्वतःचे. वर्षभर राबणारी माणसं सुट्टी मिळाली की शंभर किलोमीटर अनवाणी चालतात, हे मी वर्गात सांगितलं असतं तर मुलं हसली असती. इथे मात्र ती माणसं अशी मजेत बसली होती, जणू सहलीची बस यायची आहे.

त्यांतच माझे दीर होते. समोरच्या पारावर जावेच्या शेजारी बसलेले. जावेच्या मांडीवर तांब्याचा तांब्या, त्यावर झाकण म्हणून पितळी वाटी. दोघांनी मला जीपमधून उतरताना पाहिलं आणि मग तो फलक वाचायला घेतला. एकतीस चेहऱ्यांत त्यांना एकाएकी फार गोडी वाटू लागली. मीही पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधले. आम्ही बोलत नाही, त्याला पावणेदोन वर्षं होत आली होती.

कारण सांगायला हवं. यजमान गेले ते बीडमध्ये, संध्याकाळी. दीर आणि जाऊ तेव्हा उसाच्या फडात होते, लांब तिकडे कोल्हापूरच्या अंगाला. मी फोन केला. दीर म्हणाले, "आमी निघालो. वाट बगा." मी म्हणाले, "बघते." रात्री त्यांना गाडी मिळेना. माझी मुलगी पुण्याहून पहाटे पोचली. शाळेतले सहकारी म्हणाले, किती वेळ ठेवणार. शेजारी म्हणाले, किती वेळ ठेवणार. लोकांना अशा वेळी दुसरं वाक्य सुचत नाही. मी सकाळी दहाला अंत्यविधी केला. ते दोघं दुपारी तीनला आले. उसाच्या पातीनं कापलेले हात, पायाला तसाच चिखल, आणि दारात उभं राहून दीर म्हणाले, "भाऊ कुटंय?" मी म्हणाले, "उरकलं." हाच शब्द माझ्या तोंडून गेला. वेणीफणी उरकतात, भांडी उरकतात, तसं.

ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. तिथून सरळ स्मशानात गेले आणि तिथून फडावर. दहाव्याला आले, तेही पंगतीला बसले नाहीत. त्यानंतर माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. हवा उष्ण होती (जानेवारीत!), घर लहान होतं, लोक ताटकळले होते, पोरीची तब्येत बिघडली होती. ही कारणं मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली की मला ती पाठ झाली. विचारणारे माना डोलवायचे. ज्यांना सांगायची होती त्यांनी कधी विचारलंच नाही.

नऊला फलकावरचे ते साहेब खरोखर आले. त्यांच्या हातात हिरवा झेंडा देण्यात आला. आमच्या जिल्ह्यातल्या दोन पिढ्या रेल्वेची वाट बघण्यात गेल्या, त्यामुळे झेंडा दाखवायची हौस माणसांवर भागवावी लागते. साहेबांनी पायी चालण्याचे फायदे सांगितले आणि पांढऱ्या गाडीला टेकून उभे राहिले. फोटो झाले. मग खरं काम सुरू झालं.

आमच्या गावची रीत अशी, की नवसाच्या माणसानं नुसतं उठून चालायला लागायचं नाही. वेशीत त्याचं नाव पुकारतात. घरातलं कुणीतरी घरून आणलेलं पाणी त्याच्या पायांवर घालतं, गावची म्हातारी आराधीण कपाळाला कुंकू लावते, आणि मग तो वेस ओलांडतो. आराधीण म्हणजे देवीच्या नावानं गळ्यात कवड्यांची माळ घातलेली, जोगवा मागणारी बाई. आमची आराधीण ऐंशीच्या घरातली, उंचीनं माझ्या खांद्याला लागणारी, पण ती बोलायला लागली की सरपंचसुद्धा टोपी सारखी करतात. एकेक नाव येत होतं, पाणी पडत होतं, "आई राजा उदो उदो" होत होतं. मग कर्ण्यावरून माझ्या नवऱ्याचं नाव आलं.

"यांची पाचवी खेप. घरचं कोन चालतंय?"

मी उभी राहिले. समोरच्या पारावरून दीर उभे राहिले.

दोन तास कंटाळलेल्या माणसांना देवीनं पाठवलेला हा प्रसादच होता. बसलेले उभे राहिले, चहाला गेलेले परत आले. साहेबांनीही निघण्यासाठी उघडलेलं गाडीचं दार पुन्हा लावलं. एकजण म्हणाला, बायकोचा मान पहिला. दुसरा म्हणाला, रक्ताचं माणूस असताना बायकोचा कसा. तिसरा दबक्या आवाजात म्हणाला, बाईमाणूस, त्यात कपाळाला कुंकू न्हाई, तिच्या पायावर पाणी चालतंय का? त्यावर आराधिणीनं मान वळवली.

"देवी बी बाईच हाय. तिला जाऊन इचार कुकवाचं."

तो गर्दीत मागे सरकला आणि पुन्हा दिसला नाही. साहेबांनी दोन्ही हात पसरून निकाल दिला, "अहो, दोघंबी चाला की! आपल्याला काय, जेवढे जास्त तेवढी शोभा."

"एक नवस, एकाचेच पाय," आराधीण म्हणाली. साहेबांनी हात खाली घेतले.

आता मी बोलायला हवं होतं, आणि मी बोलले. मी म्हणाले, "मी त्यांची बायको आहे. कायद्यानं वारस मीच आहे."

देवीच्या वाटेवर, कुंकवाच्या ताटासमोर मी कायदा काढला. पेन्शनच्या कागदावर कोणाचं नाव आहे तेही सांगणार होते, पण तेवढ्यात माझं मलाच ऐकू आलं. पलीकडे जाऊ तांब्या पोटाशी धरून उभी होती. चारही खेपांना पाणी घातलं होतं ते तिनं. मी बीडमध्ये पेपर तपासत असताना माझ्या नवऱ्याचे पाय तिनं धुतले होते, आणि वारस मी होते.

दीर दोन पावलं पुढे आले. मला वाटलं, आता सगळं निघणार. 'उरकलं' निघणार, गावासमोर निघणार. माझी पाठ केलेली कारणं मी जिभेवर आणून ठेवली. ते म्हणाले, "वैनी, भाऊच्या मातीला मी न्हवतो. चालताना तरी असू द्या."

बस्स, एवढंच. आवाज चढवला नाही, की गर्दीकडे बघितलं नाही. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी पाच दिल्या असत्या आणि ती खेप जिंकली असती, भांडणात मी कच्ची नाही. पण ते विनंती करत होते. ज्याला मी वाट बघते असं सांगून वाट बघितली नव्हती, तो माणूस माझ्याकडे रस्ता मागत होता.

मी पाराकडे गेले आणि जावेपुढे हात केला. "आण."

तिनं क्षणभर तांब्या घट्ट धरला. मग सोडला. मी खाली बसले आणि दिरांच्या पायांवर पाणी घातलं. पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. माझ्या नवऱ्याचंही तसंच होतं. कोमट पाण्याच्या बादलीत ते बोट मी चार वर्षं बघितलं होतं आणि हसले होते. मला रडू फुटलं. लपवता येईल असं नाही, चांगलं हुंदके देऊन. साहेबांच्या माणसानं तेवढ्यात फोटो काढला. तो कुठल्या तरी फलकावर असेल आता, बत्तिसावा चेहरा म्हणून.

दिरांना कुंकू लागलं, ते वेशीबाहेर पडले. मागे न बघता गेले, नवसाच्या माणसानं बघायचं नसतं. ती रांग रस्त्याच्या वळणाला जाईपर्यंत मी उभी होते. मग पिशवी उचलली, बूट सोडले आणि पायात घालायला वाकले.

"कुटं निगालीस?" आराधीण.

"बीडला."

"पानी कुनी घातलं?"

"मी."

"मंग दिवा कोन सांबाळनार?"

तेव्हा मला रीतीचा उरलेला अर्धा भाग सांगण्यात आला. जिनं पाणी घातलं तिनं चालणाऱ्याच्या घरी दिवा लावायचा, तो माणूस परत येईपर्यंत विझू द्यायचा नाही, आणि गावची शीव ओलांडायची नाही. म्हणजे चालायला चार दिवस, यायला एक. पाच दिवस. त्या घरात. मी म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नाही."

"इचारलंस का?" ती म्हणाली आणि कुंकवाचं ताट उचलून निघून गेली.

महिनाभर मी बुटांचा अभ्यास केला होता! मोठेपणा दाखवून तांब्या मागून घेतला आणि त्यात काय काय येतं ते बघितलं नाही. मी जावेकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की दिव्याचं तिला आधीच ठाऊक होतं. तांब्या घट्ट धरला होता तो त्यासाठीच. पाच दिवस मला घरात ठेवण्याची शिक्षा तिलाही झाली होती, आणि तिचा तर काही गुन्हाही नव्हता. ती वळून चालू लागली. मी मागे. तुळजापूर अनवाणी परवडलं असतं.

घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. एका कोपऱ्यात उसाच्या तयारीची बांधाबांध सुरू झालेली: पातेली, तवा, गोधड्या, धार लावलेले दोन कोयते पोत्यात गुंडाळून. दुसऱ्या कोपऱ्यात देवीचा कोनाडा. जावेनं समई पुसली, तेलाची बाटली आणि वातींची पुडी माझ्यासमोर ठेवली आणि चुलीकडे गेली. मी दिवा लावला. पहिली वात लागेना. विज्ञानाच्या बाईंना वात कोरडी राहिली तर पेट कसा घेणार, हे कळायला तीन काड्या लागल्या. जावेनं पाहिलं, पण शिकवलं नाही.

बाराच्या सुमारास ती भाकरी थापायला बसली. पाठ माझ्याकडे. थाप, थाप, वळवली, तव्यावर टाकली. मी दिव्याकडे बघत बसले होते, कारण त्या खोलीत बघण्यासारखी तेवढी एकच बिनधोक जागा होती. तिसऱ्या भाकरीला ती बोलली. पाठ तशीच.

"अक्का, वाट बगायची होती."

मला कारणं आठवली. सगळी, ओळीनं. लहान घर, ताटकळलेले लोक, पोरीची तब्येत. मी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"हो," मी म्हणाले. "बघायची होती. मला भीती वाटली. तुम्ही आलात की त्यांना गावी न्याल, आणि गावात ते तुमचे होतील. मला कुठेतरी मागे, कोपऱ्यात बसवतील. म्हणून मी तुम्ही यायच्या आत करून टाकलं."

हे मी मुलीला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. मी भिंतीला टेकले.

भाकरी फुगली, जावेनं ती विस्तवाकडे उभी केली. मग हातावरचं पीठ झाडत माझ्याकडे तोंड केलं.

"न्हेलं असतं," ती म्हणाली. "ते खरंय. आमी न्हेलंच असतं त्यान्ला." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "पन तुमाला त्यांच्या डोक्यापाशी बसवलं असतं, अक्का. मागं कशाला बसवलं असतं?"

तिनं ताटलीत भाकरी ठेवली, शेजारी ठेचा, आणि ती माझ्यापुढे सरकवली.

"जेवा," ती म्हणाली. "आदी त्यात तेल घाला. लई कमी झालंय."

मी बाटली उचलली. समईऐवजी तिच्याकडे बघत ओतलं आणि निम्मं तेल जमिनीवर सांडलं. तिनं फडकं घेतलं, माझ्याशेजारी खाली बसली आणि पुसायला लागली.